वऱ्हाडातले घरचे पुस्तक

वऱ्हाडातल्या वाचनाचा इतिहास लिहायला घेतला की तो बहुधा वाचनालयांपासून सुरू होतो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला, कापसाचा व्यापार वाढला, १८६७ पर्यंत आगगाडी अकोला आणि बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली, कचेऱ्या आणि शाळा उघडल्या, वकील आणि कारकून मंडळी जमली आणि त्यांनी वाचनालये काढली. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय आणि अमरावतीचे नगर वाचनालय यांची मुळे याच शतकात आहेत. रत्नागिरीत १८२८, अहमदनगरात १८३८, नाशकात १८४० आणि पुण्यात १८४८ ही वाचनालयांची साले समोर ठेवली, तर वऱ्हाड या बाबतीत पिढीभर मागे होते, असा निष्कर्ष निघतो. त्याच्या पाठोपाठ आणखी एक समजूत येते. घरात स्वतःची पुस्तके बाळगणे आणि चार जणांनी एकत्र बसून एकच पुस्तक वाचणे या दोन्ही गोष्टी इथे बाहेरून, शिकलेल्या नोकरदारांबरोबर आल्या, असे मानले जाते. मला ही समजूत पटत नाही. वऱ्हाडात एकत्र वाचणारी मंडळी वाचनालयाच्या सहाशे वर्षे आधीची आहे आणि घरातले पुस्तक त्या मंडळीच्याच हातून आले. मात्र अशा प्रत्येक मंडळीने काही माणसांना बाहेर ठेवले. ज्यांना बाहेर ठेवले, त्यांच्यासाठी घरात स्वतःचे पुस्तक असणे ही चैन नव्हती, वाचनात शिरण्याची ती एकच वाट होती. वऱ्हाडातल्या पुस्तकांचा इतिहास पुस्तके किती होती यावरून फारसा कळत नाही. ती कोणाच्या हाती जाऊ शकत होती, हे पाहिले म्हणजे तो कळतो.

पहिला पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जमले आणि तिथे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ कसा तयार झाला, याकडे वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहायला हवे. म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या आणि नागदेवाचार्यांसमोर त्या तपासून घेतल्या. म्हणजे पुस्तक लिहिले जात असतानाच ते ऐकले जात होते, त्यावर बोलले जात होते आणि दुरुस्त होत होते. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत मूळ पोथी हरवली, असे पंथाची परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना लीळा पाठ होत्या, त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. अशा रीतीने निरनिराळे पाठ तयार झाले आणि त्यांतला एक महत्त्वाचा पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. नंतरच्या पोथ्यांत एका लीळेखाली दुसऱ्या पाठातला फरक नोंदवलेला आढळतो. हा फरक पुसून न टाकता जपण्याची वृत्ती, अमक्याला असे आठवते आणि तमक्याला तसे, हे शेजारी शेजारी ठेवण्याची सवय, चर्चा करणाऱ्या मंडळीतच निर्माण होते. एकट्याने लिहिणाऱ्या लेखनिकाला तिची गरज नसते. याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने महदंबेने 'धवळे' रचले. पुस्तक घडवणाऱ्या आणि जपणाऱ्या या मंडळीत बायका सुरुवातीपासून होत्या, हे वऱ्हाडाच्या इतिहासातले मोठे सत्य आहे आणि पुढच्या कित्येक शतकांना ते टिकवता आले नाही.

पण याच मंडळीने पुढे दार लावून घेतले. चौदाव्या शतकात महानुभाव ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. रवळोबासांच्या नावाशी जोडलेली ही लिपी पंथाबाहेरच्या माणसाला वाचता येत नव्हती. त्यामागे भीती होती, छळाचा अनुभव होता आणि पवित्र वचन विटाळू नये अशी भावनाही होती. परिणाम असा झाला की मराठीतला सर्वांत जुना गद्यठेवा वऱ्हाडातल्या मठांत, रुमालात बांधलेल्या पोथ्यांत, पाच-सहा शतके मराठी वाचकांपासूनच दूर राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी या वाङ्मयाचा शोध घेतला, हरि नारायण नेन्यांनी नागपुरात १९३६ पासून 'लीळाचरित्र' भागाभागाने छापले आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवलेल्या वि. भि. कोलत्यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढली. ग्रंथ वऱ्हाडात तयार झाला आणि सर्वसाधारण वऱ्हाडी माणसाला तो विकत घेता यावा यासाठी सातशे वर्षे लागली. मंडळी असणे पुरेसे नाही, हे रिद्धपूरच दाखवते.

कारंजा लाडची गोष्टही याच जातीची आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तिथल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांच्या जैन मंदिरांत शेकडो वर्षांचे हस्तलिखितांचे भांडार साठले होते. व्यापारात पैसा मिळवलेल्या घरांनी ग्रंथाच्या नकला करवून मंदिराला अर्पण करायच्या, हा तिथला रिवाज. ग्रंथ घराच्या पैशाने येई आणि मंदिराचा होई. या भांडारातले काही अपभ्रंश ग्रंथ विसाव्या शतकात उजेडात आले. प. ल. वैद्यांनी 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये संपादित केले आणि किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी पुढच्या तीन-चार वर्षांत 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ' आणि 'करकंडचरिउ' छापून आणले. हिरालालजींचे सर्वांत धाडसाचे काम त्यानंतरचे आहे. कर्नाटकातल्या मूडबिद्रीला ताडपत्रांवर असलेला 'षट्खंडागम' आणि त्यावरची 'धवला' टीका शतकानुशतके फक्त दर्शनाची वस्तू होती. बाहेर आलेल्या नकलांच्या आधारे तिचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि मग काम १६ खंडांपर्यंत गेले. धर्मग्रंथ छापला तर त्याचे पावित्र्य जाईल, गृहस्थाने तो वाचणे योग्य नाही, असा विरोध त्या काळी समाजातच होता. तरीही ज्याचे केवळ दर्शन घ्यायचे, तो ग्रंथ श्रावकाच्या घरात पोचला. अमरावतीच्या इतिहासात हे काम फार वरच्या जागी ठेवायला हवे आणि ते तसे ठेवले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

मठ आणि मंदिरे हे झाले मोजके. सामान्य शेतकऱ्याच्या आणि बलुतेदाराच्या गावात पुस्तक होते ते पोथीच्या रूपाने. चातुर्मासात कोणाच्या तरी ओसरीवर किंवा मारुतीच्या देवळात पोथी लावायची, एकाने वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि समाप्तीला सगळ्यांनी मिळून प्रसाद करायचा, ही रीत वऱ्हाडात घट्ट रुजलेली होती. श्रीधराचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' आणि महीपतीचे 'भक्तिविजय' हे या वाचनाचे ग्रंथ. पोथी एका घरची असे, वाचन गावाचे असे. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या एकोणिसाव्या शतकात स्वस्त झाल्या, तेव्हा ज्या घरात आधी एकही पुस्तक नव्हते, त्या घरात आलेले पहिले पुस्तक बहुधा अशी पोथीच होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पोथी ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. श्रोत्याला ग्रंथ निवडता येत नाही, पान उलटून मागे जाता येत नाही, लेखकाशी मतभेद दाखवता येत नाही आणि पुण्य मिळवण्यासाठी बसलेल्या माणसाला आजच्या वाचकगटाच्या सभासदाशी जोडणे हा ओढूनताणून लावलेला संबंध आहे. यातला पहिला भाग मी मान्य करतो. ग्रंथाची निवड ठरलेली होती आणि ती वर्षानुवर्षे बदलत नव्हती. पण अर्थ सांगणारा माणूस वाचणाऱ्यापासून वेगळा ठेवलेला होता, याचा अर्थ काय होतो, हेही पाहावे. ओवी कळत नाही, तिच्यावर बोलावे लागते, श्रोता विचारतो आणि उत्तर द्यावे लागते, हे त्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. निरक्षर माणसाला ग्रंथाशी जोडणारी दुसरी कोणतीही व्यवस्था त्या काळी नव्हती. माधानचे गुलाबराव महाराज यांचे उदाहरण या बाबतीत निर्णायक आहे. १८८१ मध्ये जन्मलेले आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेले हे कुणबी कुटुंबातले गृहस्थ इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन वेदान्तापासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंत पोचले आणि जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर रचना सांगून गेले. ऐकून वाचणाऱ्याला ग्रंथाशी वाद घालता येत नाही, असे म्हणणाऱ्याने डार्विन आणि स्पेन्सर यांचे त्यांनी केलेले खंडन पाहावे. पोथीचा खरा दोष वेगळा होता. ओसरीवर कोण बसेल, माजघरातून कोण ऐकेल आणि अंगणाबाहेर कोण उभा राहील, हे जातीने आणि लिंगाने आधीच ठरलेले होते.

एकोणिसाव्या शतकातल्या वाचनालयांनी हा दोष दूर केला का? कागदोपत्री केला. 'सार्वजनिक' हा शब्द पाटीवर आला. प्रत्यक्षात वर्गणी आणि अनामत भरू शकणारे, संध्याकाळी कचेरी सुटल्यावर येऊ शकणारे आणि चारचौघांत खुर्चीवर बसण्याचा संकोच नसलेले पुरुषच तिथे गेले. म्हणून वऱ्हाडाच्या वाचनात आगगाडीने आणि टपालाने केलेला बदल मला वाचनालयांपेक्षा मोठा वाटतो. पुण्या-मुंबईला छापलेले पुस्तक आता टपालाने बुलढाण्याला किंवा मूर्तिजापूरला येऊ लागले आणि १८७७ मध्ये व्ही.पी.ची सोय झाल्यावर पैसे आधी न धाडताही पुस्तक मागवता येऊ लागले. पोस्टमन दारात येतो, पैसे घेतो आणि पुडके देतो. ते घरात उघडले जाते आणि घरातले कोणीही ते वाचू शकते. वाचनालयाची पायरी जिला चढता येत नव्हती, तिच्या हाती पुस्तक येण्याची शक्यता इथे निर्माण झाली.

ही शक्यता कुठवर जाऊ शकत होती, याचे उत्तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे देतात. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. ताराबाई शाळा-कॉलेजात घडलेल्या नव्हत्या, वडिलांनी त्यांना घरी शिकवले. १८८२ मध्ये त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून निघाले. प्रती ५०० आणि किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा चालली होती, तिला दिलेले हे उत्तर होते. पण पुस्तकात ताराबाई खटल्यापाशी थांबत नाहीत. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या त्या उचलतात, त्यांत बायका कशा रंगवल्या आहेत ते दाखवतात आणि पुराणांतल्या देवऋषींचे वर्तनही त्याच मापाने मोजतात. 'मुक्तामाला' १८६१ ची आणि 'मंजुघोषा' १८६८ ची. म्हणजे वीस वर्षांत मराठीत जे कल्पित वाङ्मय आले, ते बुलढाण्यासारख्या लहान गावात एका मराठा कुटुंबातल्या बाईने वाचले होते, वर्तमानपत्रे वाचली होती, पोथ्या-पुराणे ऐकली होती आणि या तिन्हींना एकमेकांसमोर उभे करण्याइतकी ती त्यांत मुरली होती. कोणत्याही वाचनालयाच्या सभासदाने त्या काळात इतके धारदार टीकालेखन वऱ्हाडातून केल्याचे दिसत नाही. ते एका घरातून आले. घरी पुस्तके असली आणि मुलीला ती वाचू दिली, तर काय होऊ शकते, याचा याहून ठळक पुरावा भारतात कुठे शोधायचा?

कोणी म्हणेल, एका ताराबाईंवरून एवढा निष्कर्ष काढता येत नाही. त्या अपवाद होत्या आणि त्यांचे दुसरे पुस्तकही आले नाही. अपवाद होत्या, हे खरे. पण अपवाद कशामुळे घडला, हे अपवादातूनच कळते. वऱ्हाडात त्या काळी हेडक्लार्क पुष्कळ होते, व्ही.पी.ने पुस्तके मागवणारेही असणार. जे दुर्मीळ होते ते असे घर, ज्यात पुस्तकांचे कपाट मुलीसाठी उघडे होते. आणि त्यांचे दुसरे पुस्तक का आले नाही, याचेही उत्तर याच युक्तिवादात आहे. त्यांच्याभोवती मंडळी नव्हती. पुस्तकावर झोड उठली तेव्हा १८८५ मध्ये 'सत्सार'मधून जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण ते पुण्यात होते. बुलढाण्यात, अकोल्यात, अमरावतीत त्या पुस्तकावर बसून बोलणारा गट उभा राहिला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. घराने वाचक घडवला. त्याला पुढे नेणारी मंडळी त्या वाचकासाठी कुठेच नव्हती. पुस्तक इतके विसरले गेले की स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापेपर्यंत मराठी वाचकाला ते जवळजवळ नव्हतेच.

दुसऱ्या बाजूला पुरुषांच्या, तेही वरच्या वर्गातल्या पुरुषांच्या मंडळी जोरात होत्या. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्या दैनंदिनीत अशा वाचनाची रोजची नोंद सापडते. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या काळात ते शिर्डीला राहिले होते. दुपारी काही मंडळी जमून 'परमामृत' आणि नंतर 'पंचदशी' वाचत, आणि कोण आले, किती वाचून झाले, हे खापर्डे लिहून ठेवतात. त्यांत पूर्वी अमरावतीत वैद्यकी केलेले उपासनीशास्त्री आहेत, बापूसाहेब जोग आहेत आणि लक्ष्मीबाई कौजलगी याही आहेत. ठरलेली वेळ, ठरलेला ग्रंथ, थोडे वाचून त्यावर बोलणे, हे सगळे आजच्या वाचकगटात आहे तसेच. पोथीची जुनी रीत आणि वकिलाची नोंद ठेवण्याची सवय इथे एकत्र आली. त्याच सुमारास, १९१२ मध्ये, अकोल्याला हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि १४ जानेवारी १९२३ रोजी, मकरसंक्रांतीला, विदर्भ साहित्य संघ अमरावतीत स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष खापर्डेच.

अमरावतीतच शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी यापुढची उडी घेतली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या माणसाने मराठीत ज्ञानकोश काढायचा ठरवले आणि त्यासाठी राजाश्रय शोधला नाही. नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. पहिला खंड १९२० मध्ये आला आणि त्या दशकात २३ खंड पुरे झाले. 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात त्यांनी या व्यवहाराचा हिशेब स्वतःच मांडला आहे. दर महिन्याला सभासदांच्या घरी पुस्तक धाडणारा अमेरिकेतला बुक-ऑफ-द-मंथ क्लब १९२६ मध्ये निघाला आणि इंग्लंडचा लेफ्ट बुक क्लब १९३६ मध्ये. वाचकांनी आधी एकत्र यायचे आणि त्यांच्या बळावर पुस्तक निघायचे, ही कल्पना नागपूर-वऱ्हाडात त्याआधी अमलात आलेली होती. ज्ञानकोशाचे खंड पुष्कळ घरांत शोभेसाठीच राहिले, असा टोमणा तेव्हापासून मारला जातो. राहिले असतीलही. पण न वाचलेला ग्रंथ घरात असला, तर तो पुढच्या पिढीच्या हाती लागतो. न घेतलेला ग्रंथ कोणाच्याच हाती लागत नाही.

सरकारने या बाबतीत वऱ्हाडाला फार काही दिले नाही आणि त्याचे कारण नकाशात आहे. मुंबई सरकारने १९३९ मध्ये ग्रंथालयांसाठी फैजी समिती नेमली, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होते. त्या योजनेचा लाभ या भागाला मिळाला नाही. वऱ्हाड मुंबई राज्यात आले १९५६ मध्ये, आणि महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला १९६७ मध्ये. त्यातही ग्रंथालय कर नाही, सारा भर अनुदानावर. म्हणून खेड्यात पुस्तक पोचवण्याचे काम विसाव्या शतकातही मुख्यतः लोकांनी केले.

त्यात सर्वांत मोठा वाटा तुकडोजी महाराजांचा आहे. यावलीला जन्मलेल्या, शाळेत फारसे न गेलेल्या या माणसाने मोझरीच्या गुरुकुंजातून १९५५ मध्ये ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' दिली. ओवीच्या रूपात, पोथीच्या घाटात, पण विषय गावाची सफाई, शिक्षण, सहकार, स्त्रियांची उन्नती, अस्पृश्यता असे. पोथी लावण्याची जुनी रीत त्यांनी जशीच्या तशी घेतली आणि तिच्यातला ग्रंथ बदलला. ग्रंथाची निवड ठरलेली असते, हा मी वर मान्य केलेला आक्षेप या एका कृतीने पुष्कळसा निकालात निघतो. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत जातीनुसार वेगळे बसणे नव्हते, त्यामुळे बसण्याची जागाही बदलली. शेगावच्या परिसरात दासगणूंच्या २१ अध्यायांच्या 'गजाननविजया'ने दुसऱ्या प्रकारे घराघरांत जागा मिळवली. वऱ्हाडात ज्या घरी एकच पुस्तक आहे, तिथे ते बहुधा या दोहोंपैकी एक असते, आणि 'गजाननविजया'चे पारायण बहुतकरून घरातली बाई स्वतः करते. शंभर वर्षांपूर्वी माजघरातून ऐकणारी बाई आता वाचणारी झाली आहे.

पण माझ्या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम आधार आंबेडकरी समाज आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिराच्या दाराचा होता. मंदिराचे दार उघडण्यासाठी झगडणाऱ्या या समाजाने त्याबरोबरच पुस्तकाचे दारही उघडले. पोथीच्या अंगणाबाहेर ज्यांना उभे केले होते, त्यांच्यापुढे पुस्तकांसाठी दादरला 'राजगृह' बांधणाऱ्या नेत्याचे उदाहरण होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांची जी विक्री होते, तिला मराठीत तोड नाही. अकोला, अमरावती, वाशीमकडचे मजूर, शिक्षक, रेल्वेतले कामगार तिथे जातात आणि परतताना पुस्तके घेऊन येतात. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' क्रमाने वाचला जातो आणि त्यावर बोलले जाते. चातुर्मासातल्या पोथीचेच हे महिने. घरात स्वतःची प्रत, विहारात एकत्र वाचन. ताराबाईंच्या वाट्याला ज्या दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत, त्या इथे एकत्र आल्या आणि एका पिढीत त्यातून लेखक, प्राध्यापक, अधिकारी निघाले.

पुस्तके हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, कापसाच्या भावाने आणि कर्जाने पिचलेल्या जिल्ह्यांत घरच्या पुस्तकांचा इतिहास कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या पिशवीत आहे. सर्वांत कमी कमावणाऱ्यांनी आपल्या कमाईचा भाग पुस्तकांवर घातला, कारण पुस्तक नसण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. पोट भरल्यावर पुस्तक येते, हा क्रम वऱ्हाडाच्या इतिहासात तरी दिसत नाही.

त्यानंतरचा काळ सर्वांच्या परिचयाचा आहे. पैसे घेऊन पुस्तके फिरवणारी खासगी वाचनालये गल्लोगल्ली निघाली, अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी घरे भरली आणि अमरावतीच्या उद्धव शेळक्यांसारख्या, १९६० मध्ये 'धग' देणाऱ्या लेखकानेही पोटासाठी अशा वाचकांकरता पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या. सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली'ने सभासदांच्या बळावर पुस्तके स्वस्तात घरी देण्याची चळवळ उभी केली आणि १९७८ मध्ये 'बलुतं'सारखे पुस्तक मध्यमवर्गाच्या कपाटात नेऊन ठेवले. आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी पुस्तक-भिशी चालतात, वाचकगट जमतात. नाशिकच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेच्या पेट्या परदेशापर्यंत गेल्या आहेत. वऱ्हाडातल्या गटांना माझे एवढेच सांगणे आहे की आपण पुण्या-मुंबईची नक्कल करत आहोत असे मानू नये आणि आपल्या गटात कोण येऊ शकत नाही, हे दर वेळी विचारावे.

आणखी एक काम प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे. वऱ्हाडात जुन्या वाड्यांच्या वाटण्या होत आहेत, माळ्यावरच्या पेट्या उघडल्या जात आहेत आणि त्यातली पुस्तके रद्दीच्या तराजूत पडत आहेत. ती देण्याआधी एक वही घ्या. पुस्तकाचे नाव, छापखाना, साल, किंमत आणि आतल्या पानावर कोणाचे नाव लिहिले आहे ते उतरून काढा. बाईचे नाव असेल तर आवर्जून. हस्तलिखित पोथी असेल तर तिचा रुमाल न सोडता आधी जाणकाराला दाखवा. आपल्या गावचे वाचनालय किंवा अमरावतीचे विद्यापीठ यांच्याकडे ती यादी द्या, आणि रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, त्यालाही कळवा. 'स्त्रीपुरुषतुलना'च्या पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती निघाल्या होत्या. त्यांतली एखादी अजून वऱ्हाडातल्या कोणाच्या तरी पेटीत असू शकते.